डाव्या हाताचा सोनाटा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम हे, की मी तिची नखं कापली.

पियानो वाजवणाऱ्याला नखं ठेवता येत नाहीत. पट्टीवर नख वाजलं की शिकवणाऱ्या रोझलिन मिसच्या कपाळावर आठी. विमलला, म्हणजे माझ्या बायकोला, उजव्या हाताची नखं स्वतः कापता येत नसत. डाव्या हातात नेलकटर धरला की तो थरथरे. म्हणून ते काम माझ्याकडं. अंगणात खाट, खाली जुना पेपर, तिचा हात माझ्या गुडघ्यावर. जानेवारीचं ऊन रायपुरात एकदा उतरायला लागलं की थांबत नाही. करंगळीपासून सुरू केलं तेव्हा उजेड होता, अंगठ्यापर्यंत आलो तर शेजारच्या घरात दिवा लागला.

"दिवे लागले वं," मी म्हटलं. "या वेळेले नखं कापू नाही म्हणतात."

"कोन म्हणते?"

"माही माय म्हणे."

"तुमची माय तर काहीबाही म्हणे. माह्याबद्दलही म्हणे." तिनं अंगठा पुढं केला. "कापा जी. उद्या परीक्षा माही हाय, सासूची नाही."

आम्ही विहारात जाणारी माणसं. शकुन-अपशकुन आमच्या घरानं केव्हाच सोडले. पण सोडले ते तोंडानं. पोटातले सुटायला वेळ लागतो. मी अंगठ्याचं नख कापलं खरं, पण तुकडा पेपरातच पडला का ते दोनदा पाहिलं.

आता तोच मोसम पुन्हा आला आहे. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन, संध्याकाळी खिडकीच्या पाटीवर बोट फिरवलं तर सिलतऱ्याच्या कारखान्यांकडची काळी भुकटी. भाजीवाल्या बायांच्या टोपल्यात हरभऱ्याची अन् तिवऱ्याची भाजी. अन् चौबे कॉलोनीत रोझलिन मिसच्या गल्लीत स्वेटर-टोपी घातलेली पोट्टी-पोट्टे, काखेत सुरांच्या वह्या, आईचा हात धरून. परीक्षा आली. लोकांना सणानं कोणी आठवते, आंब्याच्या मोहरानं कोणी आठवते. मला ही पोरं पाहिली की भेव लागते. सत्तरी ओलांडलेला माणूस अन् परीक्षेचं भेव. हसायचं त्यानं हसावं.

त्या गल्लीतून मी आता जात नाही. सदर बाजारात औषध आणायला जातो तेव्हाही लांबचा वळसा घेतो. मिसच्या खिडकीतून काय येईल याचा नेम नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. म्हणून मी संगीतावर लिहिणं म्हणजे गाढवानं गूळ पारखणं. पण मी पारखत नाही. मला जे ऐकू आलं तेवढंच सांगतो, अन् मला अर्धंच ऐकू आलं.

त्याचं असं. माझी सारी नोकरी सिलतऱ्याच्या कारखान्यात, लोखंडाच्या भट्टीवर. भट्टी म्हणजे चूल नव्हे. आडवा पडलेला लोखंडी नळा, इतका लांब की या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला ओळखू येत नाही. तो रात्रंदिवस हळूहळू फिरत असतो, पोटात कोळसा अन् दगड घेऊन. त्याच्याजवळ उभं राहून राहून माझे वरचे आवाज गेले. कानाच्या डॉक्टरनं तपासलं अन् सांगितलं, "बारीक आवाज़ गई बाबा, भारी बची है." म्हणजे ट्रक ऐकू येतो, चिमणी नाही. बाप्या माणूस ऐकू येतो, लहान पोर फक्त तोंड हलवताना दिसते. अन् पियानोवर डावा हात, खालच्या सुरांचा, ऐकू येतो. उजवा हात उंदरासारखा पट्टीभर पळतो, पण माझ्यापुरता मुकाच.

तेव्हा विमलचा सोनाटा मी ऐकला तो निम्मा. गाणं उजव्या हातात असते म्हणतात. मला गाण्याखालची जमीनच ऐकू आली.

विमल मिशनच्या शाळेत आया होती. लहान वर्गातली पोरं बसवायची, नाकं पुसायची, सू-सूला न्यायची. संगीताच्या तासाला पोरांच्या मागं बसून राहायची. तिथं रोझलिन मिस पियानो वाजवत. दोन्ही हात कामात असल्यावर पान कोण उलटणार? विमल उलटे. मिसनं मान हलवली की पान पलटायचं, एवढंच. वाचता काही येत नव्हतं, पण पलटता पलटता तिच्या लक्षात आलं, की ठिपके वर चढले की हात उजवीकडं जाते. घरी येऊन मला सांगे, अन् मी भाकरीचा तुकडा मोडत हो-हो करे.

दोघीही एकाच वर्षी रिटायर झाल्या. मिसनं घरी शिकवणी काढली अन् पहिला निरोप आमच्या घरी धाडला.

"विमलबाई, आओ, बैठो. अब पन्ना मैं पलटूँगी."

मी म्हटलं, "या वयात कायले वं? बोटं वाकत नाहीत तुही."

"भाकरी थापून थापून सरळ झालीत," ती म्हणाली. "वाकवतो आता."

गेली. शिकली. फार भारी शिकली असं मी म्हणणार नाही. मिसच म्हणे, "विमलबाई की लय ठीक, उँगली भगवान भरोसे." पण ती गेली, रोज गेली. घरी सरावाला एक जुना कीबोर्ड घेतला, तो स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून ठेवला. लाइट गेली की सूर मधेच मरे, अन् ती वीज कंपनीला नव्हे, मलाच बोले. जसं काही मीच तार तोडली.

सोनाटा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं मिठाई असावी. मिसनं चहा करता करता मला समजावलं होतं, तिच्या त्या पुढच्या खोलीत, जिथं पियानोवर येशूची तसबीर अन् बाजूला झेंडूच्या फुलांची बशी असे.

"भैया, इसमें पहले एक धुन आती है. अपने घर में है, आराम से. फिर दूसरी धुन आती है, वो दूसरे के घर की. फिर दोनों जंगल में जाते हैं. झगड़ा, अँधेरा, रास्ता भूलना, सब. फिर पहली धुन घर वापस आती है. और दूसरी भी आती है, पर अब अपने घर नहीं जाती. पहली के ही घर में रहती है."

विमल खिडकीपाशी बसली होती. तिनं बशीतला चहा फुंकला.

"म्हणजे दुसरी नवरी हाय," ती म्हणाली.

मिस हसायला लागली. "हव, वैसा ही समझो."

"लिहिणारा बाप्याच असन मंग. एकदा तरी पहिलीनं दुसरीच्या घरी जाऊन राहाव का नाही?"

मला हे अजून आठवते, कारण मी तेव्हा हसलो नाही. मी जंगलात अडकलो होतो. मी विचारलं, "मिस, जंगलातून परत नाही आली तर?"

"आती ही है भैया. सोनाटा है ना."

चांगली सोय आहे, मी मनात म्हटलं.

मिसच्या कपाटात जाड जाड वह्या होत्या. त्यातल्या सगळ्यात जाड एका बहिऱ्या माणसाच्या. तो हळूहळू पुरा बहिरा झाला अन् तरी लिहीत राहिला, म्हणे. मी विचारलं, ऐकू येत नव्हतं तर लिहिलं कसं? मिस म्हणाली, आतून ऐकत होता. मला हे पटायला जड गेलं नाही. मीही आतून ऐकतो, फक्त मला आतून भट्टी ऐकू येते. मिस म्हणे, या माणसानं सोनाट्याचं असं काही करून ठेवलं, की त्याच्यामागून जो जो लिहायला बसला तो त्याला भिऊनच बसला. त्याच्याच गावात एक गरीब, आजारी पोरगा राहत होता. तोही त्याला भ्यायचा. भिऊन भिऊन लिहायचा. बहिरा मेला, अन् त्याच्या मागोमाग हाही गेला, तिशीतच. पण जायच्या आधी, थोडेच महिने राहिले असताना, त्यानं मोठे मोठे सोनाटे लिहून ठेवले.

त्यातला शेवटचा मिसनं आम्हाला एका दुपारी वाजवून दाखवला. मी हे जे सारं लिहून राहिलो, ते त्या दुपारपायी.

सुरुवात अगदी शांत. दोन्ही हात जवळ जवळ, देवळात बाया बोलतात तसे हळू. मला ऐकू आलं तेवढं बरं वाटलं. मग ते थोडं थांबलं, अन् डाव्या हातानं अगदी खाली, पट्टीच्या जवळजवळ टोकाला, काहीतरी गुरगुरलं. जोरात नाही. दूर, जमिनीखाली. थोडा वेळ. मग शांत. मग पुन्हा तेच देवळातलं गाणं, जसं काही झालंच नाही.

मी खुर्चीत सरळ बसलो. इतर लोकांना ते गुरगुरणं गाण्याच्या मागं ऐकू येत असेल. मला तेच सगळ्यात मोठं ऐकू आलं. गाणं पुढं गेलं, फिरलं, आणि मी फक्त वाट पाहत राहिलो, ते पुन्हा कधी येते म्हणून. आलं. येतच राहिलं. दर वेळी गाणं त्याच्यावर पदर ओढून घेई अन् पुढं जाई.

वाजवणं संपलं तेव्हा विमल हळूच म्हणाली, "त्याले माहीत होतं."

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"काही नाही. चला, भाजी घ्याची हाय."

कारण तेव्हा आम्हालाही माहीत होतं. नुकतंच कळलं होतं. जिना चढताना ती मधेच उभी राहायला लागली, पाय सुजायला लागले, म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं पडद्यावर तिचं हृदय दाखवलं, करड्या धुरासारखं. अन् एक बटण दाबून त्याचा आवाज ऐकवला. मला बारीक ऐकू येत नाही, पण ते स्वच्छ ऐकू आलं. खालचाच आवाज होता. भट्टीच्या हवेच्या वाल्व्हला चीर गेली की असाच फरफर आवाज येतो. डॉक्टर काय सांगून राहिला ते मिलिंदला, आमच्या मुलाला, समजावून घ्यावं लागलं. मला आधीच समजलं होतं.

"वाल्व्ह बदलना पड़ेगा," डॉक्टर म्हणाला. "जितनी जल्दी, उतना अच्छा."

विमलनं पदर सारखा केला. "परीक्षा के बाद चलेगा क्या?"

"किसकी परीक्षा, माँजी? नाती की?"

"मेरी."

डॉक्टर हसला. मग हसायचं थांबला. ऑपरेशनची तारीख परीक्षेनंतरची लागली. हे तिनं ठरवलं. मिलिंद बिलासपूरला रेल्वेत आहे, तो रोज फोन करी, "बाबा, मम्मी को समझाओ ना. एग्ज़ाम अगले साल भी होगा." मी फोन तिच्याकडं देई. ती ऐकून घेई अन् म्हणे, "अगले साल तू येशील का माह्यासाठी स्केल वाजवाले?" मी लोकांना सांगतो, तिला अडवायला मी काही कमी बोललो नाही. एकदा तर ताट सरकवून उठलो. ती म्हणाली, "बसा. तुमच्यापायी भट्टी थांबत होती का कधी? मग माही कायले थांबवता?" मी ताट पुन्हा पुढं ओढलं.

तर तो मोसम असा गेला. बाहेरून पाहाल तर देवळातलं गाणं. सकाळी चहा, दुपारी सराव, मधे हरभऱ्याची भाजी निवडणं, संध्याकाळी मिसकडं. अन् खाली ते.

भट्टीवर एक शिकलो होतो. आवाजाला भ्यायचं नसते, आवाज थांबायला भ्यायचं असते. तो तापलेला नळा फिरायचा थांबला की आपल्याच वजनानं वाकतो. वाकला की गेला. म्हणून लाइट गेली की सारे धावत. कोणी डिझेल इंजिनकडं, कोणी आडव्या दांड्याकडं, हातानं फिरवायला. घरी झोपेतही मला भट्टीचा भास होई अन् भास थांबला की जाग येई. रिटायर झाल्यावर वाटलं, सुटलो. पण त्या थंडीत ते पुन्हा सुरू झालं, भिंतीपलीकडच्या कीबोर्डवर.

मी अंगणात बसलेला असे. ती आत वाजवी. मला डावा हात ऐकू येई, खालची पावलं, एकामागून एक. मधेच पावलं थांबत. आता हे थांबणं कशाचं? पान उलटून राहिली? चष्मा पुसून राहिली? की छातीवर हात ठेवून बसली? मी उठत नसे. उठून आत गेलो की ती चिडे, "आले का चौकीदार!" म्हणून मी हातातली शेंग तशीच धरून बसे. कितीदा तरी शेंग मुठीत चुरडली असेल. मग एक सूर येई, बहुतेक चुकीचा, अन् मागून तिची शिवी. मिशनच्या शाळेत नोकरी करूनही तिच्या शिव्या शुद्ध माहेरच्या, भंडाऱ्याच्याच राहिल्या. ती शिवी मला ऐकू आली नाही तरी भिंत ऐकवी. मग मी पुढची शेंग फोडी.

चुकीचा सूर मला त्या दिवसांत औषधासारखा वाटे. चुकली म्हणजे आहे.

पण ती सुधारत गेली, हेच वाईट झालं. परीक्षेसाठी मिसनं तिला त्या बहिऱ्याचाच एक लहान सोनाटा दिला होता, दोनच भागांचा, पोट्ट्यांना देतात तसला. "बड़ेवाले पहाड़ हैं विमलबाई, ये उसी पहाड़ का छोटा पत्थर है." सुरुवातीला ती त्या दगडाला दहा ठिकाणी ठेचकाळे. डिसेंबर संपता संपता ठेचकाळणं कमी झालं. जंगलातून ती सरळ घरी यायला लागली. मिस खूश. मी मात्र घाबरलो. मला असं वाटायला लागलं, की हे पुरं यायला लागलं की संपलं. असं वाटण्याला काही अर्थ नाही, हे मलाही कळते. पण माणूस भ्याला की अर्थ विचारत नाही. एकदा मी सरळ म्हटलं, "थोडं चुकत जा वं."

"काहून?"

"असंच."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुमाले भेव लागून राहिलं."

"नाही."

"खोटं बोलू नका जी. मलेही लागते." अन् वळून पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला लागली. पुढं काही नाही. आमच्या पिढीत याच्यावर आणखी बोलायची पद्धत नव्हती. तिनं एकदा सांगितलं, मी एकदा ऐकलं. नंतर भाजीत मीठ जास्त झालं यावरून आम्ही व्यवस्थित भांडलो.

तिची ती काही पहिली परीक्षा नव्हती. आधीच्या वर्षीही दिली होती, खालच्या इयत्तेची. परीक्षेच्या ठिकाणी वऱ्हांड्यात सारी लहान पोरं अन् त्यांच्या आया. ही आपली स्टार्च केलेली साडी नेसून मधोमध. एका पोट्टीनं विचारलं, "दादी, आप किसको छोड़ने आई हो?"

"इसको," विमलनं माझ्याकडं बोट दाखवलं. "बहुत डरता है. मैं अंदर जाऊँगी तो ज़रा देखना."

त्या पोट्टीनं खरंच पाहिलं. विमल आत होती तोवर ती माझ्या शेजारी बसून राहिली अन् काहीतरी बोलत राहिली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, पण मी मान हलवत होतो. बाहेर आल्यावर विमल म्हणाली, "जोडी जमली तुमची."

आज मागं वळून पाहतो तर त्या सोनाट्याबद्दल माझा राग गेलेला नाही. मिस म्हणाली होती, परत येतातच. घरून निघतात, रान फिरतात, परत येतात. शेकडो वर्षं लोक हेच लिहून राहिले, हेच वाजवून राहिले. म्हणजे साऱ्या दुनियेला हेच ऐकायचं होतं, परत आलेलं. खरं असतं तर कोणी इतक्या वेळा लिहिलं नसतं. भाकरी करपली की करपते, ही गोष्ट कोणी वाजवून दाखवत नाही. पण त्या तिशीतल्या पोरावर मला राग धरता येत नाही. त्यानं ते खालचं गुरगुरणं लपवलं नाही. गाण्यातच ठेवलं. गाणं बंदही नाही केलं. भीत भीत पुढं नेलं. मला वाटते आम्ही त्या थंडीत तेच केलं, अन् बरं केलं का वाईट, हे ठरवणारा मी कोण.

हल्ली माझा डावा हातही जाऊन राहिला आहे. कानातला म्हणतो. परवा ट्रक अगदी जवळ येईपर्यंत ऐकू आला नाही. खालचे सूर गेले की विमलचं माझ्याजवळ जे उरलं आहे तेही जाईल, याचं नवं भेव आहे. मिलिंद म्हणतो, मशीन लावू. लावू. पण मशीन लावली अन् उजवा हात ऐकू आला तर? मी कधी न ऐकलेलं तिचं गाणं दुसऱ्या कोणाच्या तरी बोटातून ऐकू आलं तर? म्हणून गल्ली टाळतो.

त्या संध्याकाळी नखं कापून झाल्यावर तिनं दोन्ही हात दिव्यापाशी नेऊन पाहिले. म्हणाली, "झकास. थोडी पडतो, मग शेवटचं एकदा वाजवून घेतो." मी पेपर गुंडाळून कचऱ्यात टाकला. तांदूळ धुतले. कीबोर्ड सुरू व्हायची वाट पाहत होतो. सुरू झाला नाही. भात झाला तरी झाला नाही. आत गेलो तेव्हा ती कुशीवर होती, तोंड भिंतीकडं, पाय पोटाशी. मी नाव घेतलं. मग हलवलं. मग शेजाऱ्यांना हाक मारली. डॉक्टर आला अन् म्हणाला, झोपेतच. सर्वांनी तेच म्हटलं, झोपेत गेली, नशीबवान.

मिलिंद मिळेल त्या गाडीनं आला. नागपूरचे नातेवाईक सकाळच्या गाडीत होते, ते आल्यावर दुपारी न्यायचं ठरलं. पुढच्या खोलीत बर्फाची लादी, उदबत्ती, बाया. रोझलिन मिस तिच्या डोक्याशी बसली होती, तोंडाला रुमाल लावून. तिला काही विचारायची सोय नव्हती.

इतके दिवस ज्याला भ्यालो ते होऊन गेलं होतं. आता भेव जायला पाहिजे होतं. गेलं नाही. ते दुसऱ्याच ठिकाणी जाऊन बसलं. मला एकच दिसत होतं. तो वऱ्हांडा, ती पोरं, अन् दार उघडून कोणीतरी बाई तिचं नाव पुकारेल. कोणी उठणार नाही. पुन्हा पुकारेल, जरा जोरानं. पोरं इकडंतिकडं पाहतील. एखादं हसेल. मग ती बाई आत जाऊन सांगेल, आली नाही. म्हणजे घाबरली असेल. म्हातारी आहे, अभ्यास झाला नसेल. हे मला सहन होईना. मेली त्याचं रडणं नंतरही आलं असतं.

मी स्वेटर चढवला, सायकल काढली. शेजारची कांताबाई दारातच आडवी आली.

"भाऊ, अशा टाइमले कुठं चालले?"

"परीक्षेले."

"कोनाच्या?"

"तिच्या."

मिलिंद धावत आला. "बाबा, पागल हो गए क्या? मैं फोन कर देता हूँ."

"फोन कोनाले करशील? पुकारनाऱ्या बाईचा नंबर हाय तुह्याकडं?" मी म्हटलं. "तू आईजवळ बस. येतो मी."

धुकं होतं. पोचलो तेव्हा वऱ्हांडा भरलेला होता. मी दाराच्या अगदी जवळचा बाक धरला, कारण बाईचा आवाज बारीक असला तर मला ऐकू येणार नाही. दार उघडलं की मी तिच्या तोंडाकडं पाही. ओठ काय करतात ते पाही. शेजारी एक बाई पोराला घेऊन बसली होती, तिला म्हटलं, विमल मेश्राम नाव घेतलं तर मला धक्का द्या. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् मान हलवली. तोवर मी इतका घाबरलेला होतो की हात बाकाखाली दाबून ठेवले होते. आयुष्यात भट्टीवर इतका कधी भ्यालो नाही.

धक्का द्यायची गरज पडली नाही. मला दिसलं. श्रीमती विमल मेश्राम. पूर्ण नाव. शाळेत ती विमलबाई, मोहल्ल्यात मिलिंदची आई, घरी 'वं'. पूर्ण नावानं तिला एवढ्या लोकांत कोणी पुकारत असेल तर ते इथंच.

मी उभा राहिलो. त्या बाईनं यादीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पण बाजूला झाली. आत गेलो. मोठा काळा पियानो, समोर रिकामं स्टूल, टेबलामागं पांढऱ्या केसांची परीक्षक बाई, पेन हातात. मी स्टुलाजवळ जाऊन उभा राहिलो. बसलो नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "विमल मेश्राम मेरी घरवाली. कल शाम को गुज़र गई. इसलिए नहीं आई. तैयारी उसकी पूरी थी."

ती पेन खाली ठेवून उठली. काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही अन् मी पुन्हा विचारलं नाही. हात जोडले अन् बाहेर आलो.

दारात पुढची पोट्टी उभी होती, निळी टोपी, तोंड पांढरं पडलेलं, दोन्ही हातांवर फुंकर घालून राहिली होती. मी तिच्यासाठी दार धरून ठेवलं.

"जा बेटा," मी म्हटलं. "अंदर हीटर लगा है."